मित्राचे गाणे
(समाजाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषय निवडण्याची मोकळीकही दिली. सेवानिवृत्त शिक्षकास अशी मोकळीक देणे किती धोक्याचे असते, याचा अनुभव त्यांनी अद्याप घेतलेला नसावा. आमचे शिक्षण जुन्या मॅट्रिकपुरते. त्यावर अध्यापनाचा अभ्यासक्रम पुरा करून जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून ३८ वर्षे मुलांस बाराखडी आणि पाढे शिकविले. संगीतशास्त्रावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. शाळेच्या प्रार्थनेपुरती पेटी वाजविता येते आणि भजनी मंडळात बसतो, एवढीच आमची पुंजी. तरीही आज आम्ही गाण्याविषयीच बोलणार आहोत. एका गाण्यामुळे आम्हांस एक माणूस उमजला; परंतु तो उमजण्यापूर्वी आमच्या हातून त्याच्यावर एक अन्याय घडून गेला होता. तो याच संस्थेच्या सभेत घडला, म्हणून त्याची कबुलीही याच सभेत देणे आम्हांस प्राप्त आहे.

आपण एकमेकांस ओळखतो असे म्हणतो. कोणाचे मूळ गाव कोणते, शेती किती, लेक कोणत्या घरी दिली, सोयरीक कोठून जुळली, हे सारे आपणांस तोंडपाठ असते. मुलगी पाहावयास गेलो म्हणजे तिला गाणे येते का, हेही आपण विचारतो. परंतु तिला कोणते गाणे ऐकावयास आवडते आणि ते का आवडते, हा प्रश्न आजवर कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. नित्याच्या शेजाऱ्याविषयीही आपली हीच गत असते. आमची तरी होती.

सन १९८३ मध्ये आमची बदली लातूर शहरालगतच्या एका खेड्यातील शाळेत झाली. लातूर हा स्वतंत्र जिल्हा होऊन तेव्हा जेमतेम वर्ष लोटले होते. गंजगोलाईपासून जवळच एका जुन्या वाड्यात दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. गंजगोलाई आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. मध्ये जगदंबेचे मंदिर, भोवती दुकानांचे कडे आणि तेथून फुटलेले १६ रस्ते. रोज सोळा दिशांनी माणसे येतात, एकमेकांस रामराम घालतात आणि आपापल्या वाटेने निघून जातात. त्या रामरामासच आपण ओळख समजतो.

वाड्याच्या दर्शनी खोलीत आपल्याच समाजातील एक गृहस्थ राहत असत. ते एका अडत दुकानात मुनीम होते. त्यांचे नाव आम्ही घेणार नाही. हयात असते तर त्यांसही ते रुचले नसते. सारा गंज त्यांस मुनीमजी म्हणे, आपणही तेच म्हणू. वयाने ते आमच्याहून २१ वर्षांनी वडील. अंगकाठी किडकिडीत, बोलणे मोजके, हसणे त्याहून मोजके. रोजकीर्दीचा मेळ लागल्यावाचून ते दुकानातून उठत नसत. दहा पैशांचा फरक आला तरी दिवा लावून पुन्हा पहिल्या पानापासून बेरीज करीत. हमाल आणि शेतकरी त्यांस भीत असत; मात्र पट्टीत पैशाचीही चूक होणार नाही, हा भरवसाही बाळगून असत. एकूण मुनीमजी म्हणजे कोरडा माणूस, असा त्यांचा लौकिक होता.

या कोरड्या माणसाच्या खोलीतून रात्री जेवणे आटोपल्यावर गाणे ऐकू येई. प्रथम रेडिओवर जे लागेल ते; पुढे १९८५च्या सुमारास त्यांनी एक टेपरेकॉर्डर घेतला. कॅसेटी मोजून सात. त्यांतील बहुतेक बेगम अख्तर यांच्या गझलांच्या. तीच गाणी, तोच क्रम, आवाज बेताचा. अर्धा-पाऊण तास झाला की बटण बंद होई आणि दिवा मालवला जाई.

आमची आवड निराळी. संतांचे अभंग, जुनी नाट्यपदे, आकाशवाणीवर लागणारी हिराबाई बडोदेकर आणि माणिक वर्मा यांची गाणी, यांवर आमचा पिंड पोसलेला. उर्दू आम्हांस येत नसे. गझल म्हटली की आमच्या डोळ्यांपुढे मैफल, लोड आणि मद्याचा पेलाच उभा राही. वस्तुतः आम्ही अशी एकही मैफल कधी पाहिली नव्हती. आणखी एक गोष्ट आम्हांस खटके. त्या बाईंचा सूर वर चढत असताना एखाद्या जागी आवाज एकाएकी चिरल्यासारखा होई. शाळेतील मुलाने प्रार्थनेत असे केले असते तर आम्ही त्यास मागल्या रांगेत उभे केले असते. एकदा न राहवून आम्ही म्हणालोच, “मुनीमजी, बाईंचा आवाज मध्येच फाटतो हो.” ते म्हणाले, “होय गुरुजी, फाटतो.” एवढेच. त्या दोन शब्दांत काही अधिक असेल, हे आमच्या ध्यानी आले नाही.

दर सोमवारी सायंकाळी आठ वाजता आपल्या समाजमंदिरात भजन असे. मुनीमजी त्यास कधीही आले नाहीत. रात्री उर्दू गाणी ऐकतात, सोमवारी भजनास येत नाहीत. दोहोंची सांगड घालण्यास फार बुद्धी लागत नाही. लोकांनी ती घातली, आम्हीही घातली.

सन १९८९च्या वार्षिक सभेत खजिनदाराची निवड व्हावयाची होती. एका वडील सभासदांनी मुनीमजींचे नाव सुचविले. हिशेबाच्या कामास त्यांच्याहून योग्य माणूस साऱ्या लातुरात शोधून सापडला नसता. आमचे हस्ताक्षर बरे म्हणून सहचिटणीसपद आम्हांकडे होते आणि वय ३१ वर्षांचे होते. त्या वयात माणसास आपले मत मांडण्याची फार घाई असते. आम्ही उभे राहिलो आणि म्हणालो की, ज्यांस आपल्या भजनात बसणे रुचत नाही आणि ज्यांचे मन परक्या गाण्यात रमते, त्यांच्या हाती समाजाचा पैसा सोपविणे कितपत उचित, याचा सभेने विचार करावा. सभेने तो विचार केला. नाव मागे घेण्यात आले. मुनीमजी मागल्या रांगेत बसले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. सभा संपल्यावर वाड्याच्या दारात भेटले तेव्हा नेहमीप्रमाणे म्हणाले, “गुरुजी, जेवण झाले का?” त्या रात्रीही टेप लागला होता, आवाज मात्र नेहमीहून कमी होता.

आमचे ते वाक्य आमच्याच सुवाच्य अक्षरात कार्यवृत्ताच्या वहीत लिहिलेले आहे. ते आजही तेथे आहे.

यानंतर चार वर्षांनी ३० सप्टेंबर १९९३ची पहाट उजाडली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जित करून दमलेली गावे निजली होती आणि ३ वाजून ५६ मिनिटांनी भूमी हादरली. किल्लारी, सास्तूर आणि त्या परिसरातील गावांचे काय झाले, ते आपणांस सांगणे नलगे. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद. ज्या घरांनी पिढ्यान् पिढ्या ऊन अडविले, तीच निजलेल्या माणसांच्या अंगावर आली. जवळजवळ ८,००० माणसे गेली. लातूर शहर वाचले; परंतु घरात निजण्याचे धैर्य कोणासही उरले नाही. आमच्या वाड्यातील सारी कुटुंबे समोरच्या पटांगणात अंथरुणे घालून रात्री काढू लागली.

तिसऱ्या दिवशी आम्ही काही शिक्षकांसमवेत मदतीचे साहित्य घेऊन किल्लारीच्या बाजूस गेलो. जे पाहिले त्याचे वर्णन या मंगल प्रसंगी करणार नाही. रात्री परत आलो तेव्हा आमच्याने बोलवेना. पत्नीने पाणी दिले, तेही हातातच राहिले. ओळखीच्या मंडळींनी धीराच्या गोष्टी सांगितल्या. कोणी म्हणाले भजन करू या. आम्ही तोंड उघडले, परंतु कंठातून शब्द फुटेना. ज्या अभंगांनी आम्हांस जन्मभर आधार दिला, तेही त्या रात्री ओठांवर येईनात.

मुनीमजी आपली सतरंजी उचलून आमच्या शेजारी येऊन बसले. धीराचा एकही शब्द ते बोलले नाहीत. त्यांनी टेपरेकॉर्डर सोबत आणला होता. वीज नव्हती म्हणून आत सेल घातले होते. आवाज इतका लहान ठेवला की आम्हां दोघांपलीकडे तो जाऊ नये. दहा वर्षे भिंतीआडून जे गाणे आम्ही दोष काढीत ऐकले होते, ते त्या रात्री प्रथमच त्यांच्या शेजारी बसून ऐकले. सूर वर चढू लागला. मुनीमजींनी मान किंचित पुढे केली, श्वास रोखला आणि ते थांबले. तेवढ्यात तो आवाज चिरला. त्यांनी श्वास सोडला. आमच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. तीन दिवसांत जे रडू आले नव्हते, ते त्या जागी आले.

बऱ्याच वेळाने आम्ही विचारले, “मुनीमजी, हे गाणे आपण पहिल्याने कोठे ऐकले?”

दहा वर्षांच्या शेजारात हा प्रश्न आम्ही प्रथमच विचारला होता. ते सांगू लागले. मोजकेच बोलले, पण पहाटेपर्यंत बोलले.

मुनीमजींचा जन्म १९३७चा. लातूर त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि सरकारी शाळेत शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. त्यांच्या घराशेजारी शाळेतील एक मुसलमान शिक्षक राहत. त्यांचा मुलगा मुनीमजींच्याच वयाचा, एकाच वर्गातला. त्या घरी चावीचा ग्रामोफोन होता. तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे. मग चावी द्यावयाची, सुई बदलावयाची, तबकडी उलटवावयाची. ही सारी कामे हे दोन मुलगे करीत. त्यांत अख्तरीबाई फैजाबादी यांची एक तबकडी होती. गझलेचा अर्थ त्या वयात कळण्याजोगा नव्हता. परंतु एका जागी बाईंचा आवाज चिरे, आणि ती जागा जवळ आली की दोघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत, श्वास धरीत आणि ती येऊन गेली की हसत. त्यांचा तो खेळच होऊन बसला होता. गुरुजी रागावत नसत. एकदा एवढेच म्हणाले होते की, तुम्ही आज जेथे हसता, तेथे मोठेपणी हसणार नाही.

पुढे १९४८ साल आले. रझाकारांच्या जुलमाने आपल्या बाजूच्या खेड्यांनी काय सोसले, ते आपल्या घराघरांत सांगितले जाते. सप्टेंबरात १३ तारखेस पोलीस कारवाई सुरू झाली, १७ तारखेस संस्थान शरण आले आणि आपण मुक्त झालो. त्यानंतरच्या दिवसांत आपल्या भागातील कित्येक निरपराध मुसलमान कुटुंबांनीही सोसले. हे मात्र आपल्या घरांत फारसे सांगितले जात नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मुनीमजींच्या शेजारचे ते घर एका सकाळी रिकामे दिसले. दाराला कुलूपही नव्हते. ती माणसे कोठे गेली, सुखरूप पोहोचली की नाही, हे कोणास कळले नाही. आणि घरातील वडील मंडळींनी त्यांचे नाव पुन्हा काढले नाही. अकरा वर्षांच्या मुलाने कोणास विचारावे?

यानंतर सात-आठ वर्षांनी मुनीमजी गंजात उमेदवारी करीत होते. एका हॉटेलात चहा घेताना रेडिओ लागला होता. गाणाऱ्या बाईंचे नाव बेगम अख्तर असे सांगितले गेले. हे नाव त्यांनी ऐकलेले नव्हते, आवाजही वयाने अधिक पिकलेला होता. ते उठून जाणार इतक्यात सूर वर चढला आणि आवाज चिरला. “गुरुजी,” ते आम्हांस म्हणाले, “बाईंनी नाव बदलले होते, पण ती जागा बदलली नव्हती. मी वळून शेजारी पाहिले. शेजारी कोणी नव्हते.”

एवढे सांगून ते थांबले. आम्हीही काही बोललो नाही.

पुढे आम्ही त्या गायिकेविषयी मिळेल ते वाचले. मुनीमजी म्हणाले ते अक्षरशः खरे होते. अख्तरीबाईंचा जन्म फैजाबादचा, १९१४ सालचा. सन १९४५ मध्ये लखनौच्या एका बॅरिस्टरांशी विवाह झाल्यावर त्यांनी गाणे सोडले. गाणे सुटले आणि त्या आजारी पडल्या. अखेर १९४९ मध्ये लखनौच्या आकाशवाणीवर त्या पुन्हा गाऊ लागल्या आणि पुढे बेगम अख्तर या नावाने देशभर ऐकल्या गेल्या. सन १९७४ मध्ये अहमदाबादेस त्यांचे निधन झाले. आवाजातील ती चीर आम्ही दोष समजत होतो. जाणकार तीच त्यांच्या गाण्याची ओळख मानतात.

वाचता वाचता आणखी एक गोष्ट हाती आली आणि आमची मान खाली गेली. बेगम अख्तर यांस तालीम देणाऱ्यांमध्ये किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल वहीद खाँ हे होते. आणि आमच्या हिराबाई बडोदेकरही त्याच वहीद खाँसाहेबांच्या शिष्या! आम्ही भरसभेत ज्यास परके गाणे म्हणालो आणि ज्यास आपले गाणे म्हणून मिरविले, ती दोन्ही एकाच गुरूच्या चरणांशी बसून आली होती. अज्ञान मोठ्याने बोलते, या म्हणण्याचा प्रत्यय आम्हांस असा आला.

लहान मुलास हा आवाज कसा धरून ठेवतो, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आपल्या जुन्या संस्थानातलेच आहे. पंडित जसराज यांचे वडील पंडित मोतीराम हे निजामाच्या दरबारी गायक म्हणून नेमले जावयाचे होते. १९३४ मध्ये त्याच सुमारास हैदराबादेत त्यांचे निधन झाले. जसराज तेव्हा चार वर्षांचे. पुढे शाळेस जाता-येता वाटेवरच्या एका हॉटेलात त्यांनी बेगम अख्तर यांची गझल ऐकली आणि शाळा सोडून ते दिवसचे दिवस तेथेच ऐकत बसू लागले. पंडितजी स्वतः ही हकीकत मोठ्या प्रेमाने सांगत. शाळा बुडविणाऱ्या मुलाचे कौतुक शिक्षकाने करू नये, हे आम्हांस मान्य आहे. परंतु हे मूल कोठे जाऊन बसते, याचा राग येण्यापूर्वी ते तेथे काय ऐकते, हे एकदा विचारावे, एवढे आम्ही त्यातून शिकलो.

आता भजनाचे कोडे. मुनीमजी सोमवारी भजनास का येत नसत? आम्ही त्या पहाटे हेही विचारले. ते म्हणाले, “गुरुजी, भजन आठ वाजता. सोमवारी आवक जास्त. रोजकीर्द मिटता मिटता साडेनऊ होतात. पगारी माणूस मेळ टाकून कसा उठेल?” सहा वर्षे आम्ही ज्यास धर्माची आणि समाजाची अनास्था समजत होतो, ती दुकानाची वेळ होती. कोणी विचारलेच नव्हते.

त्या हिवाळ्यापासून भजनाची वेळ आम्ही प्रयत्नपूर्वक रात्री दहाची करून घेतली. मुनीमजी येऊन मागे बसू लागले. गात नसत, टाळही घेत नसत, ऐकत असत. चार-सहा सोमवार गेल्यावर घरी परतताना म्हणाले, “गुरुजी, तुम्ही सगळे अभंग पेटी वाजवीत म्हणता. एक मात्र पेटी मिटवून म्हणता. तो का?”

आम्ही चालता चालता थांबलो. आम्ही असे करतो, हे आम्हांसच ठाऊक नव्हते. घरी येऊन विचार केला तेव्हा उलगडा झाला. तो अभंग आमची आई पहाटे जात्यावर म्हणत असे. आम्ही तो पेटी शिकण्यापूर्वी, तिच्या मांडीवर डोके ठेवून शिकलो होतो. त्यास जात्याच्या घरघरीची साथ होती. पेटीची साथ हाताला मानवत नव्हती. आईस जाऊन तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. भजनी मंडळात आमच्यासोबत बसणाऱ्या माणसांपैकी कोणास हे दिसले नव्हते. गप्प बसून ऐकणाऱ्यास ते दिसले. त्या दिवसापासून आम्ही खऱ्या अर्थाने मित्र झालो. दहा वर्षे शेजारी होतो, ज्ञातिबांधव तर जन्माचे होतो. मैत्री मात्र या दोन प्रश्नांनी झाली. एक आम्ही विचारला, एक त्यांनी.

कुमार गंधर्व यांनी एक कार्यक्रम केला होता, त्याचे नाव ‘मला उमजलेले बालगंधर्व’. कुमारांची गायकी आणि बालगंधर्वांची गायकी या सर्वस्वी निराळ्या. तरीही त्यांनी बालगंधर्वांची पदे अंतःकरणात मुरवून रसिकांपुढे ठेविली, आणि शीर्षकात ‘मला उमजलेले’ हा शब्द योजिला. त्या एका शब्दात दोन गोष्टी आहेत. दुसऱ्याच्या गाण्यात शिरावयाचे असेल तर आपली आवड काही काळ बाजूस ठेवावी लागते. आणि शिरल्यानंतरही तो माणूस संपूर्ण हाती आला, असा गर्व बाळगता येत नाही. मुनीमजींविषयी आम्ही आज जे सांगतो, ते आम्हांस उमजलेले मुनीमजी होत. त्यांत न उमजलेले पुष्कळ राहून गेले असेल.

सन १९९४च्या सभेत आम्ही उभे राहून आमचे शब्द परत घेतले आणि खजिनदारपदासाठी मुनीमजींचे नाव स्वतः सुचविले. ते म्हणाले, “पद नको. हिशेब तपासून देत जाईन.” पुढे त्यांनी २० वर्षे दर मार्चअखेर संस्थेच्या वह्या तपासून दिल्या, एक पैही न घेता. या समाजमंदिराचा दुसरा मजला उभा राहिला, त्याच्या प्रत्येक पावतीवर त्यांची बारीक खूण आहे. अहवालात मात्र त्यांचे नाव कोठेही नाही. त्यांनी ते येऊ दिले नाही.

सन २०१४ मध्ये मुनीमजी गेले. दिवसकार्य आटोपल्यावर त्यांच्या सूनबाईंनी त्या सात कॅसेटी आमच्या हाती दिल्या. “गुरुजी, मामंजींचे हे तुम्हांलाच कळायचे,” असे म्हणाल्या. फिती जीर्ण झाल्या आहेत, लावावयास यंत्रही उरले नाही. मागील वर्षी त्यांचा नातू आमच्याकडे आला. पुण्यास अभियांत्रिकीचे शिक्षण घेतो. त्याने आपल्या मोबाईलवर तेच गाणे क्षणात शोधून काढले आणि विचारले, “आजोबांना हे का आवडायचे हो?” आम्ही त्यास म्हटले, आधी ऐक. सूर चढू लागला तेव्हा आम्ही नकळत श्वास धरला. आवाज चिरला, आणि तो मुलगा आमच्या तोंडाकडे पाहू लागला. मग आम्ही त्यास शेजारच्या त्या घराची, ग्रामोफोनच्या चावीची आणि त्या दुसऱ्या मुलाची हकीकत सांगितली. त्याच्या घरात ती कोणासही ठाऊक नव्हती. भूकंपानंतरच्या त्या पटांगणात आम्ही एक प्रश्न विचारला नसता, तर लातुरातील दोन मुलांचे ते बाळपण मुनीमजींबरोबरच चितेवर गेले असते.

आता तरुण मंडळींस आणि त्यांच्या आईबापांस एक विनंती. पूर्वी एका घरचा ग्रामोफोन शेजार ऐके, एका हॉटेलचा रेडिओ सारा रस्ता ऐके. त्यात गोंगाट होता, पण कोणास काय आवडते, हे आपोआप कळे. आज प्रत्येकाच्या कानात स्वतंत्र यंत्र आहे. एका घरात चार माणसे चार गाणी ऐकतात आणि एकास दुसऱ्याचे ठाऊक नसते. बापास मुलाचे गाणे कर्कश वाटते, मुलास बापाचे कंटाळवाणे. वाटू द्या. परंतु महिन्यातून एकदा ती यंत्रे कानांतून काढून ठेवा आणि एकाने आपल्या आवडीचे एक गाणे सर्वांस ऐकवावे. मध्ये बोलू नये. संपल्यावर चांगले की वाईट, हे सांगू नये. एवढेच विचारावे की, हे तू पहिल्याने कोठे ऐकलेस आणि तेव्हा तुझ्याजवळ कोण होते? सुनेस विचारा, सासऱ्यास विचारा, परक्या आळीतील मित्रास विचारा. उत्तर येण्यास वेळ लागला, तर थांबा. आम्ही दहा वर्षे घालविली. आपण तितकी घालवू नये.

शेवटी अध्यक्ष महाराजांस एक प्रार्थना. १९८९च्या कार्यवृत्तातील आमचे ते वाक्य खोडून टाकावे, असे काही मित्रांनी सुचविले. तसे करू नये. लिहिलेला हिशेब खोडावयाचा नसतो. चुकीची नोंद राहू देऊन तिच्यापुढे दुरुस्तीची नोंद करावयाची असते. हे आम्हांस मुनीमजींनीच शिकविले. आमचे हे भाषण स्मरणिकेत छापावे, आणि छापल्यावर त्या वहीच्या त्या पानावर एवढीच टीप लिहावी की, या नोंदीची दुरुस्ती स्मरणिकेत पाहावी. म्हणजे आमचा मेळ लागला, असे आम्ही समजू.